चहाचं गाणं सकाळी आठला

हरिश्चंद्र भाटकरने सव्वीस वर्षं बोटीवर काढली. मालाची बोट नव्हे, प्रवाशांची. सात मजली, पांढरीशुभ्र, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर काचेच्या भिंतींचं लाउंज. तिथे तो स्टुअर्ड होता. हातात ट्रे, ट्रेवर ग्लास, आणि कानावर दिवसभर तेच ते मंद संगीत. पुढे पुढे त्याला ते ऐकूही येईनासं झालं. इंजिनाच्या घरघरीसारखंच तेही एक.

एका वर्षी बोटीवरच्या दुकानाने शिल्लक राहिलेल्या सीड्या कामगारांना फुकट वाटून टाकल्या. हरिश्चंद्रने चार उचलल्या. बॅगेत जड होत नव्हत्या, एवढंच कारण. चारही सीड्यांवर चित्रं होती. एकीवर रिकामी आरामखुर्ची, एकीवर निळं पाणी, एकीवर बर्फ घातलेला ग्लास आणि चौथीवर नुसता मावळता सूर्य. आत कुठकुठल्या देशांतल्या वादकांचे निवडलेले तुकडे होते. लाउंज, चिल-आउट म्हणतात ते. नाचायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, पाय सैल सोडून बसायचं.

घरी आल्यावर त्या बायकोच्या, सगुणाच्या हातात देताना तो म्हणाला, "हे तुला आवडायचं नाही."

सगुणाने ऐकल्या आणि म्हणाली, "यात कोणी रडत नाही, कोणी ओरडत नाही. मला आवडलं."

आणि तिने त्या पॅकिंगच्या शेडमध्ये नेल्या.

पावस गावाच्या वर कातळावर भाटकरांची हापूसची कलमं आहेत, आणि बागेच्या तोंडाशी चिऱ्याची, पत्र्याच्या छपराची शेड. हरिश्चंद्र बोटीवर असताना बाग आणि शेड दोन्ही सगुणाच चालवायची. सात बायका कामाला यायच्या. आंबा हातात घेतला की किती दिवसांत पिकेल ते सांगणाऱ्या बायका. त्यांची पुढारीण जनी. जनी आली की सातही येणार, जनी नाही तर एकही नाही.

गेल्या आषाढात सगुणा गेली. चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी नव्हती. हरिश्चंद्र निवृत्त होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत त्याने शेडमध्ये पाऊल टाकलं ते डबा द्यायला. शेड तिची, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

मुलगा सुजय डोंबिवलीला असतो. त्याने स्वच्छ सांगितलं, "बाबा, या हंगामात बायका टिकल्या तर बाग आपण ठेवू. नाही टिकल्या तर पुढल्या वर्षी कराराने देऊन टाकू आणि तुम्ही इकडे या. एकटे किती धावणार तुम्ही?"

डोंबिवली वाईट होती असं नाही. सून ईशा चांगली होती, नातू लाघवी होता. पण तिथे सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न होता. शिवाय बाग गेली असती म्हणजे सगुणाचं होतं ते सगळंच गेलं असतं. हरिश्चंद्र म्हणाला, "टिकतील." आणि फोन ठेवून घाबरला.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी आंब्यांची पहिली तोड झाली. बायका आल्या, पदर खोचून बसल्या. जनीने इकडेतिकडे पाहिलं.

"दादा, वैनींची गाणी नाय लावत?"

"वर्ष व्हायचंय गो अजून. गाणी कशी लावायची?"

जनीने क्रेट पुढे ओढला. काम सुरू झालं, आणि त्या दिवशी काहीच जागेवर पडलं नाही. चहा झाला तो साडेअकराला. आढी, म्हणजे भाताच्या पेंढ्यात आंबे पिकत घालायची रास, अर्धी लागली तोवर जेवणाची वेळ टळून गेली. नम्रता नावाची एक बाई पेट्या भरायला बसली तेव्हा निवडलेला माल संपला होता, आणि निवडणाऱ्या बायका तोवर पेंढा पसरत होत्या. सगळ्या एकमेकींच्या पायात.

संध्याकाळी हरिश्चंद्रला वाटलं, बायका कंटाळल्या. गाणी नाहीत म्हणून मन लागत नाही. त्याने भिंतीवरच्या सगुणाच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाला, "लावतो बाई. तुझीच आहेत."

पण सीडी प्लेअर उघडला तर आत मुंग्यांनी अंडी घातलेली. सीड्यांवर पावसाळ्याची बुरशी, पुसली तरी जाईना. मग आठवलं, सुजयने मागे कधीतरी चारही सीड्या एका पेनड्राइव्हवर भरून ठेवल्या होत्या. तो सापडला. सुजयनेच पाठवलेला एक नवा स्पीकरही घरात पडून होता. मंगळवारी सकाळी हरिश्चंद्रने स्पीकर शेडच्या फळीवर ठेवला, पेनड्राइव्ह खुपसला आणि बटण दाबलं.

आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. स्पीकरमधून कोणीतरी रिकाम्या बाटलीत फुंकर घालावी तसा आवाज आला, मागे हळूच ढोलकं.

सातही बायका उठल्या. हातातले आंबे खाली ठेवले, पदराला हात पुसले आणि बाहेर फणसाखाली जाऊन बसल्या.

हरिश्चंद्र आत एकटा. बाहेर येऊन म्हणाला, "काय झालं?"

"चहा," जनी म्हणाली.

"आत्ता? आत्ता तर आलात!"

"बाटलीवालं लागलं ना. बाटलीवालं लागलं की चहा."

"अगो पण आठ वाजलेत!"

"ते तुमी बाटलीला सांगा." बायका फिदीफिदी हसल्या.

तो चहा टाकायला घराकडे गेला. घर दहा पावलांवर. दूध तापेपर्यंत शेडमध्ये पुढचं गाणं सुरू झालं, आणि परत येऊन बघतो तर बायका रिकाम्या पेट्यांना झाकणं लावतायत.

"आता हे काय?"

"हे पेट्या बंद करायचं," ज्ञानेश्वरी म्हणाली. ती सातजणींत सर्वांत तरुण, तिशीतली, तिच्याकडे चांगला मोबाईल होता आणि जीभही. "काका, आमचा दोष नाय. हात आपोआप जातात. आंबे नाहीत तर नसूदे."

तिसरं गाणं लागलं तेव्हा निम्म्या बायका पुन्हा चहाला उठल्या आणि निम्म्या भांडायला लागल्या, हे चहाचं नाही, चहाचं झालं. त्या गोंधळात एक क्रेट कलंडला. आंबा आदळला की लगेच काही दिसत नाही, तिसऱ्या दिवशी काळा पडतो. चाळीस आंबे बाजूला काढावे लागले.

हरिश्चंद्रचा तोल गेला. "चेष्टा लावलीय का माझी? ती असती तर केली असती अशी चेष्टा?"

जनीने कमरेला हात लावून त्याच्याकडे पाहिलं.

"दादा, तुमाला खरंच म्हायती नाय?"

"काय माहिती नाही?"

"अवो, ते घड्याळ हाय आमचं. हात चिकाने भरलेले असतात. मोबाईलला हात लावायचा नाय, घड्याळ बांधायचं नाय, चीक लागला की कातडी जळते. मग वैनींनी गाणी लावली. खुर्चीवाल्या चकतीवर निवड करायची. बाटलीवालं लागलं की चहा. निळ्या चकतीवर आढी. गलासवालीवर पेट्या. गलासवाली संपली की जेवणाची वेळ, घरी. अकरा वर्सं असंच चाललंय. आमाला काय आवडलं होतं होय पहिल्यांदा? मी तर वैनींना म्हणले, गाणं कधी सुरू होणार? हे नुसतं सुरूच होतंय!"

"मग?"

"मग सवय झाली. आता दुसरं काही लावलं तर हात चुकतात. तुमी आज सगळं ढवळून लावलंत."

हरिश्चंद्र क्रेटवर बसला. अकरा वर्षं. बोटीवरून फोन करायचा तेव्हा तो विचारायचा, काय चाललंय? ती म्हणायची, काही नाही, काम. त्यालाही तेवढंच पुरायचं.

त्याने सुजयला फोन लावला. "अरे, यातली गाणी क्रमाने का नाही?"

"बाबा, चारही एकाच फोल्डरमध्ये टाकल्या मी. ट्रॅक एक, ट्रॅक एक, ट्रॅक एक, असं चार वेळा झालंय. कुठलं कुठल्या सीडीचं ते आता कळायचं नाही. पण त्यात काय, शफलवर ऐकायला मजा येते."

"तुला येते," हरिश्चंद्र म्हणाला.

जाताना जनी थांबली. तिला सांगायला जड जात होतं, म्हणून ती पेट्यांच्या ढिगाकडे बघून बोलली. "दादा, हातखंब्याला एकाने नवी शेड काढलीय. पंखे हायत. टेंपो न्यायला-आणायला. शुक्रवारी त्यांचा टेंपो इकडे येणार हाय. आमी सातजणी तेव्हा ठरवणार. तुमाला अंधारात ठेवायचं नव्हतं, म्हणून सांगितलं."

"जाणार तुम्ही?"

"वैनी होत्या तोवर कोणी बोलावलं तरी गेलो नाय. आता इथं काय चाललंय ते तुमीच बघताय."

बुधवारी तोड नव्हती. दुपारी जेवण झाल्यावर हरिश्चंद्र जनीच्या घरी गेला. जनी पायरीवर बसून कोकमाची सोलं निवडत होती.

"एक काम आहे. दोन तासांचं. ज्ञानेश्वरीलाही घे. चहा मी करतो."

"कसलं काम?"

"मी गाणं लावतो. तू सांग कुठलं कशाचं."

"अवो, सांगता नाय येणार. नावं थोडीच हायत त्यांना?"

"सांगू नको मग. हातांना विचार."

शेडमध्ये त्याने जनीपुढे क्रेट ठेवला, पेंढ्याची रास ठेवली, रिकामी पेटी ठेवली. ज्ञानेश्वरी पेन्सिल आणि पुठ्ठ्याचं झाकण घेऊन बसली. एक्केचाळीस तुकडे होते. पहिला लावला. जनीने डोळे मिटले. थोडा वेळ काही नाही. मग तिचा उजवा हात क्रेटकडे गेला, आंबा उचलून तळव्यावर तोलला, डावीकडे ठेवला.

"निवड," ज्ञानेश्वरीने लिहिलं.

दुसरा लावला. दोन्ही हात पेंढ्यावर पसरले आणि तो चापटायला लागले. आढी.

तिसरा लावला आणि जनी खुदकन हसली. "ह्याला मी मिश्रीची डबी शोधायची. म्हणजे चहाच्या जवळपास."

"आधी का नंतर?"

"नंतर."

"आधी गो, जनीआते," ज्ञानेश्वरी म्हणाली. "चहानंतर तुझी मिश्री लावून झालेली असायची. वैनी ओरडायच्या, थुंकून ये आणि मग आंब्याला हात लाव."

"बरं, आधी लिही. मोठी आलीस."

हळूहळू पुठ्ठा भरत चालला. तुकड्यांना बायकांनी ठेवलेली नावं त्याला कळत गेली. टिपटिप. होडीवालं. सासरा खोकतो ते, म्हणजे सॅक्सोफोन. लग्नाला उशीर झाला ते, म्हणजे ज्यात ढोलकं धावत येतं आणि एकदम थांबतं. हरिश्चंद्रला यांतले निम्मे बोटीवर ऐकल्याचं आठवत होतं, पण ते असे कधीच ऐकले नव्हते. होडीवालं लागलं आणि त्याच्या लक्षात आलं, की त्यात खरंच वल्ह्याचा आवाज आहे. सव्वीस वर्षं समुद्रावर असून ते त्याला ऐकू आलं नव्हतं.

"ह्याला वैनी बसायच्या," जनी म्हणाली. "तिथे, त्या चिऱ्यावर. गुडघा चोळायच्या. गाणं संपलं की उठायच्या."

"गुडघा दुखायचा तिचा?"

जनीने ज्ञानेश्वरीकडे पाहिलं. "थोडा," जनी म्हणाली.

हरिश्चंद्रने चिऱ्याकडे पाहिलं. फोनवर ती म्हणायची, बरी आहे. त्याने गाणं पुन्हा एकदा लावलं. संपल्यावर तो चहा करायला गेला आणि जरा उशिराच आला.

शेवटी नऊ तुकडे उरले. त्यांना जनीचे हात हललेच नाहीत.

"ही नाय ऐकली कधी."

"ही चौथ्या चकतीची असणार," ज्ञानेश्वरी म्हणाली. "सूर्यवाली. ती वैनी इथे आणायच्याच नाहीत. एकदा मी संध्याकाळी घरी आले होते कोकम मागायला. वैनी पडवीत बसलेल्या, हे असलंच काहीतरी चालू. म्हटलं, काय करताय वैनी? तर म्हणाल्या, काही नाही गो, ऐकतेय. मीही बसले मग. कोकम न्यायचं राहूनच गेलं."

घरातल्या जुन्या लॅपटॉपवर ज्ञानेश्वरीने सुजयला फोनवर धरून बत्तीस तुकडे पुठ्ठ्याप्रमाणे लावले. सुजय दर दोन मिनिटांनी म्हणत होता, "पण कशासाठी?" आणि ती म्हणत होती, "तुमी फक्त कुठलं बटण ते सांगा, भाऊ." नऊ तुकडे तिने वेगळे ठेवले.

त्या दोघी गेल्यावर हरिश्चंद्र पडवीत बसला. ऊन उतरलं होतं. त्याने नऊपैकी पहिला लावला, दुसरा लावला, आणि पाचव्याला तो सरळ बसला. जाड तारांचं एक वाद्य सावकाश चालत होतं, कोणीतरी केरसुणीने ढोल झाडत असावं तसा आवाज, आणि एक बाई शब्दांवाचून गुणगुणत होती. हा त्याच्या ओळखीचा होता. लाउंजमध्ये रोज सूर्य बुडताना हाच लागायचा, आणि नेमका तेव्हाच सगळ्यांना काही ना काही हवं असायचं. पहिल्या चार सुरांनंतर तो बारकडे पळत असायचा. पैसे मोजून नुसती बसणारी ती माणसं त्याला तेव्हा खुळी वाटायची. आज पहिल्यांदा त्याने तो तुकडा शेवटपर्यंत ऐकला. मधे ती बाई थांबते आणि कोणीतरी पियानोवर एकाच बोटाने तीन वेळा तीच पट्टी दाबतं, इतक्या निवांतपणे, की चौथ्यांदा दाबली नाही तरी चालेल. चौथ्यांदा दाबलीच नाही. हरिश्चंद्रला हसू आलं. बरेच महिने आलं नव्हतं.

"मस्त आहे गो," तो मोठ्याने म्हणाला, आणि पुन्हा लावला.

गुरुवारी तोड मोठी झाली, आणि शुक्रवारी सकाळी सातला शेडमध्ये चाळीस क्रेट होते. बायका आल्या. आज टेंपो येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यावर कोणी बोलत नव्हतं. हरिश्चंद्रने बटण दाबलं.

खुर्चीवाल्या चकतीचा पहिला तुकडा लागला. जनीने मान वर न करता पहिला आंबा तोलला. दुसऱ्या तुकड्याला सातही जणींचे हात एका चालीत होते. मिश्रीचं लागलं, जनीने डबी काढली, ज्ञानेश्वरी म्हणाली, "बघ, आधी." बाटलीवालं लागलं तेव्हा हरिश्चंद्र चहाची किटली घेऊन दारात उभा होता. आलं घातलेला. एक सेकंदही उशीर नाही. शेडमध्ये हसण्याचा फवारा उडाला.

"दादा शिकले!"

"शिकलो कुठे? उमेदवारी चाललीय."

चहा झाला, बायका परत जागेवर बसल्या, आणि निळ्या चकतीच्या तुकड्याला त्यांनी हात पुढे केले. पण लागलं ते भलतंच. जाड तारांचं, सावकाश चालणारं. हात हवेतच राहिले.

"ह्याला काय करायचं?" नम्रताने विचारलं.

"काही नाही," हरिश्चंद्र म्हणाला. "हे मी टाकलंय. चार मिनिटांचं आहे. ऐकायचं फक्त."

"कामाच्या वेळात?"

"कामाच्याच वेळात."

बायका अवघडल्या. मांडीवर हात ठेवायचे तर हातांना चीक. मग जनीने मागच्या चिऱ्याला पाठ टेकली आणि पाय लांब केले. तिने केलं म्हणून बाकीच्यांनी केलं. कोणी पत्र्याखालच्या कवडशाकडे बघत होती, कोणी डोळे मिटले होते. बाई गुणगुणायला लागली.

आणि बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला. एकदा. मग दोनदा.

उठून गाणं बंद करावं असं हरिश्चंद्रला वाटलं, निदान टेंपोवाल्यापुढे लाज तरी राहील. तो उठलाही. जनीने डोळे न उघडता हात वर केला.

"बसा दादा. संपू दे."

टेंपोवाला दारात आला. गंगाराम त्याचं नाव, जनीच्या माहेरचाच. आत सात बायका पाय पसरून बसलेल्या बघून तो गोंधळला.

"काय गो, आजारी का सगळ्या?"

"गप. बस तिथे."

"अगो, पण मला वेळ नाय. चला, बसा टेंपोत."

"बस म्हटलं ना, गंग्या."

गंगाराम एका उपड्या क्रेटवर बसला. थोडा वेळ पाय हलवत राहिला. मग पायही थांबले. पियानोवाल्याने एक बोट टेकवलं. पुन्हा टेकवलं. पुन्हा. सगळी शेड चौथ्याची वाट बघत होती, आणि तो आला नाही. नम्रता हसली. मग ज्ञानेश्वरी. मग गंगारामही.

"असं कसं?" तो म्हणाला. "विसरला की काय?"

"तेच तर," हरिश्चंद्र म्हणाला. "तेच तर छान आहे."

तुकडा संपला. आता निळी चकती लागली आणि सात जोड हात पेंढ्यात शिरले. गंगाराम बघत राहिला.

"म्हणजे? येताय की नाय?"

जनीने पेंढा चापटला. "तुमच्या शेडमध्ये काय लावतात रे?"

"डीजे लावतात. मोठा स्पीकर हाय. दिवसभर दणका."

"आणि नुसतं बसायला किती वेळ देतात?"

"नुसतं बसायला?" गंगारामला प्रश्नच कळला नाही. "नुसतं कशाला बसायचं?"

"मग जा तू. मालकाला सांग, आमी यंदा इथेच."

"आणि पुढल्या वर्सी?"

"पुढल्या वर्सी हॉर्न न वाजवता ये, मग सांगेन."

हरिश्चंद्रने गंगारामला चहा दिला, कारण आणखी काय करावं ते त्याला सुचेना. गंगाराम चहा पिऊन, जाताना दोन आंबे घेऊन रिकामा टेंपो हाकत गेला. हरिश्चंद्रने बाहेर जाऊन सुजयला फोन लावला. ईशाने उचलला. "टिकल्या," एवढंच तो म्हणाला, आणि फोन तिच्याकडून नातवाकडे गेला.

तो आत आला तेव्हा शेडमध्ये वाद पेटला होता. उरलेली आठ गाणी कुठली, ती कशी आहेत, रोज एक लावायचं की तेच, आणि ठरवणार कोण.

"रोज एकीचा नंबर," ज्ञानेश्वरी म्हणत होती. "चिठ्ठ्या टाका."

"चिठ्ठ्या कसल्या?" जनी म्हणाली. "उद्याचं मी सांगणार. दादा, दुपारी सगळी ऐकवा मला. आणि ते डुलकी लागेल असं नको हां, नायतर गलासवालीला मी जागी नसेन."